टपावर आळ, दारात चोर

अहो, ऐकलंत का? गुत्तेदारांच्या गाडीचं गळणं सापडलं एकदाचं! कोणती म्हणजे काय, ती बटण दाबलं की टप मागं घडी होऊन बसतं ती. थार नव्हे हो. नवी थार 2020च्या गांधी जयंतीला बाजारात आली नि आता गल्लोगल्ली दिसते. ही मुंबईहून सेकंडहँड आणलेली. धाकट्याच्या वरातीला अख्खं कंधार लोटलं होतं बघायला. त्या वरातीतल्या स्पीकरचं पुढं सांगते...

तर काय सांगत होते, पाऊस लागला नि डाव्या बाजूला पायाखाली डबकं! सासूबाईंनी लगेच सुनेला धरलं, "नांदेडची ना, काचा लावायचं भान नाही." सून गप. मामंजी म्हणाले, टपच फाटलंय. रेक्झिनवाला आला, शिवणीवर शिवण, वरून लिंपालिंपी. रात्री पाऊस, सकाळी पुन्हा डबकं! मग म्हणे एसीचं पाणी असंल. तर सून हळूच म्हणते, "उन्हात एसी लावून फिरलो तवा कुठं ओलं झालं होतं?" मामंजींचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही.

रविवारी तिनं गाडी कोरडी पुसली नि दारांच्या सगळ्या रबराला अंगाला लावायची पावडर चोपडली. स्वतः मोबाइलचा टॉर्च घेऊन आत बसली, नि पाइप दिला मामंजींच्या हातात! आम्ही सगळ्याजणी गच्चीवर. "मामा, आधी खाली उंबऱ्याशी धरा. वर नका जाऊ." कामून, तर वरनंच सोडलं की सगळीकडं ओघळ, मग कुठून शिरलं ते कळतंय होय? खाली काही नाही. दाराच्या फटीवर धरलं, पावडर जशीच्या तशी. काचेखालच्या पट्टीवर धरलं, नि आतून हाक, "थांबा, आलं!"

टप बिचारं निर्दोष! अहो, दाराच्या पोटात पाणी जातंच म्हणे, सगळ्याच गाड्यांत. काचेवरनं उतरतं नि बुडाच्या भोकांतनं बाहेर पडतं. ते आपल्याकडं येऊ नये म्हणून आतनं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मेकॅनिकनं पॅनल उघडलं, तर कागद टराटरा फाटलेला. कुणी फाडला? वरातीचे स्पीकर बसवताना धाकट्यानं, स्वतःच्या हातानं! चेहरा खर्रकन उतरला हो त्याचा.

सासूबाई हसायला लागल्या. तेवढ्यात मेकॅनिकनं भोकांतनं लिंबाचा पाला काढला, पार चिखल झालेला. मागं टप बसतं तिथल्या पन्हळीतही तोच. आता लिंबाखालीच गाडी लावायचा हट्ट कुणाचा, सांगायला पाहिजे का? हसू जागच्या जागी थिजलं. वर मामंजी म्हणतात कसे, "किल्ल्याला खंदक, गावाला जगत्तुंग सागर... राष्ट्रकूटांनी पाणी अडवलं ते एवढं, नि तुम्ही मायलेकांनी अडवलं ते गाडीत!"

बरं, दुरुस्ती म्हणाल तर नवा कागद, ब्युटाइल टेपनं चिकटवला. पन्हळीची नळी गवत कापायच्या मशीनच्या नायलॉन तारेनं मोकळी केली. जोरानं हवा मारली तर नळी आतल्या आत सुटते म्हणे, मग बसा शोधत. रबराला सिलिकॉन ग्रीस, इंजिनचं ऑइल अजिबात नाही, रबर फुगतं त्यानं. नि गालिचा उचलला तर, अगं माय! वरनं खडखडीत, खालचा फोम पिळला तर पाणी, नि पत्र्याला गंज धरायलाय.

सुनेला सॉरी म्हणालं का कुणी? छे हो! कालच्या हळदीकुंकवात सासूबाई सांगायलेत, "मी पहिल्या दिवशीच म्हणलं होतं, दार बघा म्हणून!" सुनेनं नुसता वाणाचा डबा पुढं केला, नि आमच्याकडं बघून एक डोळा...

नि लिंबाखालनं काढलेली गाडी आता कुठं लावतात माहितीये? आमच्या फाटकासमोर! सांगणार आहे मी त्यांना, तोंडावर सांगणार... अगंबाई, आल्याच बघा त्या. या ना वहिनी, तुमचंच कौतुक चाललं होतं!