धक्का मारा, विमान आहे!

पाचोडहून पहाटे निघालेल्या चौघांच्या सामानात एक पिशवी मोसंब्यांची होती, एक दशम्यांची आणि एक स्वेटरांची. फेब्रुवारी अर्धा सरला होता, दुपारचं ऊन चटके देऊ लागलं होतं. तरी आत्याबाईंनी सगळ्यांना स्वेटर घ्यायला लावले. "वर गार आसतंय," एवढंच त्या म्हणाल्या. त्या स्वतः कधी वर गेल्या नव्हत्या. पण घरात ज्येष्ठ त्याच, त्यामुळे वरच्या हवामानाचं खातंही त्यांच्याकडेच होतं.

बेत पुतण्याचा. तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो आणि सुट्टीला आला की घरच्यांना काहीतरी नवीन ऐकवतो. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथं बिनइंजिनाच्या विमानात बसता येतं, असं त्यानं ओट्यावर सांगितलं. तेव्हा तात्यांनी पहिला प्रश्न मोसंबीच्या बागाईतदाराला शोभेल असाच विचारला.

"इंजिन न्हाई, म्हंजी डिझेल न्हाई?"

"नाही, तात्या."

"मग पैसे कशाचे घेतेत?"

शेजारचे गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना पडलेला प्रश्न जास्त शास्त्रीय होता : ते उडतं कसं? पुतण्या म्हणाला, "आधी ढकलतात, मग ओढतात." यावर सगळ्या ओट्याचं समाधान झालं. पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेला मोसंबीचा टेम्पो आणि थंडीत हट्टाला पेटलेली जीप यांच्यावर गावाचा हात बसलेला आहे. ढकलून चालू होणार असेल तर विमानालाही पाचोडचा आक्षेप नव्हता.

पाचोड धुळे-सोलापूर महामार्गावर, पैठण तालुक्यात. मोसंबीच्या बाजारासाठी नाव असलेलं. जमीन सपाट, डोंगर नावाला नाही. तात्यांच्या मते उडायची विद्या गावात आली नाही ती यामुळेच. उडी मारायला जागा तर पाहिजे! एसटीनं पैठण मागं टाकलं आणि शेवगावचा रस्ता धरला, तेव्हा गुरुजींनी ही समजूत खोडून काढली. बर्लिनजवळ राहणाऱ्या ओटो लिलिएन्थाल यांनाही हीच अडचण होती. उडायचं होतं आणि जवळ डोंगर नव्हता. त्यांनी १८९४ साली पंधरा मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली आणि तिच्यावरून पंख लावून उतरू लागले.

"पंधरा मीटर म्हंजी आपल्या इहिरीचा गाळच की," तात्या म्हणाले. त्यांच्या बांधावर तसा ढिगारा अनेक वर्षं पडून होता. त्याचा असा उपयोग कुणाच्या डोक्यात आला नव्हता, याची हळहळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

गुरुजींना श्रोता मिळाला की ते थांबत नाहीत. लिलिएन्थाल यांनी दोनेक हजार उड्डाणं केली, जगभर त्यांचे फोटो छापून आले, राइट बंधूंनी त्यांचा अभ्यास केला, असं सांगत सांगत ते १८९६ च्या ऑगस्टपर्यंत आले. त्या महिन्यात लिलिएन्थाल ग्लायडरसह कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. बाकावर शांतता पसरली. आत्याबाईंनी स्वेटरांची पिशवी छातीशी धरली. "ह्ये पाचोडातच न्हाई का सांगायचं, गुरुजी?"

अहिल्यानगर आलं, शिरूर गेलं. पुढची उजळणी तात्यांनीच सुरू केली. शेतावर घार पंख न हलवता चकरा मारत वर चढते, ती कशाच्या जोरावर, हे पुतण्या समजावत होता. ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला. तापलेली हवा हलकी होऊन खांबासारखी वर जाते आणि घार त्या खांबात गोल फिरत राहते. ग्लायडरवालेही तेच करतात. तात्या म्हणाले, "म्हंजी वावटळ. नांगरलेल्या रानातून उठतीय तीच. फक्त धूळ नसलेली." पुतण्याची चार मिनिटांची व्याख्या तात्यांनी तीन वाक्यांत गुंडाळली. त्याला जरा लागलं, पण चूक काढता येईना.

हडपसरची ओळख आत्याबाईंनी करून दिली. त्या एकदा माउलींच्या वारीत चालल्या होत्या. "हितून माउलींची पालखी दिवे घाटाकडं जाती अन् तुकोबांची लोणीकडं. तुकोबा पुढं इमानातच गेले," त्यांनी माहिती पुरवली, "अन् त्यालाबी इंजिन न्हवतं." सगळ्या बाजूंनी इमारती दाटलेल्या वस्तीत अचानक एक लांबच लांब मोकळं माळरान लागलं. पुण्यात इतकी जागा मोकळी पाहून तात्यांनी मनातल्या मनात एकरी भाव लावायला घेतला आणि आकडा मोठा होऊ लागला तसा सोडून दिला.

हे सेंटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, आणि खूप जुनं. त्याच खात्याच्या तंत्रज्ञांनी एके काळी दिल्लीत भारतीय ग्लायडर बनवले आणि त्यांना नावं दिली थेट पंचांगातली. पहिला अश्विनी, १९५८ चा. मग रोहिणी; तिनं पहिली भरारी घेतली १० मे १९६१ ला, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागायच्या पंधरा दिवस आधी. पुढं कार्तिक, भरणी, मृगशीर, आर्द्रा. ही यादी ऐकून तात्या खुलले. ज्या माणसाचा निम्मा हिशेब मृग बहारावर चालतो त्याला सरकारी विमानाचं नाव मृगशीर असावं, यात भलताच जिव्हाळा वाटला. "आर्द्रा निघाली का मग?" त्यांनी विचारलं. पुतण्या म्हणाला, १९७९ ला. तात्यांनी मान डोलावली. मृगानंतर नऊ वर्षांनी आर्द्रा म्हणजे पाऊस लांबला होता, पण मराठवाड्यात ते नवीन नाही.

माळावर मात्र चेकोस्लोव्हाकियातल्या घराण्याचा ब्लानिक उभा होता. उभा म्हणजे एका कुशीवर. ग्लायडरला पोटाखाली चाक एकच, त्यामुळे तो रिकामा असला की एक पंख जमिनीला टेकवून म्हशीसारखा पडून राहतो. त्याला सरळ धरायला एक माणूस लागतो. धावपट्टीच्या टोकाला न्यायला चार. धरायचं कुठं हेही ठरलेलं असतं : इथं हात लावा, शेपटीच्या त्या झडपेला लावू नका, काचेवर तर अजिबात नको. पाचोडची मंडळी पाहुणी म्हणून आली होती, पण ढकलाढकली सुरू झालेली पाहून तात्यांना राहवेना. पाच मिनिटांत ते पंखाच्या मुळाशी खांदा लावून "हं, एकसाथ!" असं ओरडत होते. एसटीला धक्का मारताना जो आवाज निघतो तोच, तीच पट्टी.

पलीकडच्या टोकाला विंच होता. तिथून साधारण एक किलोमीटर लांबीची पोलादी तार माळावर पसरलेली. तिचं एक टोक ग्लायडरच्या पोटाला अडकवायचं, दुसरीकडे इंजिन फिरवून ड्रमवर तार गुंडाळायची. तात्यांनी चालत जाऊन ते यंत्र पाहिलं आणि समाधानानं परत आले. "यारी हाय. इहिरीतून दगड काढतेत तीच. फरक एवढाच की आपन खालचं वर काढतो, ह्ये आडवं उभं करतेत." इंजिन शेवटी होतंच. फक्त ते खाली राहतं आणि प्रवासी वर जातो. डिझेलचा हिशेबही तिथं लागला.

पहिला नंबर तात्यांचा. त्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टे आवळले आणि शिक्षक मागं बसले. तात्यांनी समोर पाहिलं. समोर कुणीच नव्हतं. बैलगाडीत गाडीवान पुढं असतो, एसटीत ड्रायव्हर पुढं असतो. इथं चालक पाठीमागं आणि पुढं फक्त मोसंबीवाला. डोळ्यांसमोर काचेवर लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला. हे काय, असं विचारल्यावर मागून उत्तर आलं : वारा सरळ येतोय की तिरपा, ते हा धागा सांगतो. धागा मधोमध राहिला म्हणजे विमान घसरत नाहीये. लाखोंच्या विमानात सगळ्यांत विश्वासू यंत्र म्हणजे वीतभर लोकर! आत्याबाईंचे स्वेटर अगदीच वाया गेले नव्हते.

मग एकानं पंख उचलून सरळ धरला. तार हळूहळू ताणली गेली. पंख धरणारा चार पावलं पळाला आणि तात्या गेले. जमिनीवरून दिसलं ते असं : ग्लायडर काही क्षण धावला, उचलला गेला आणि नाक वर करून पतंगासारखा तिरपा चढत सुटला. आतून तात्यांना फक्त आभाळ दिसत होतं. हजारेक फुटांवर शिक्षकांनी पिवळी मूठ ओढली, खट् झालं, तार सुटून तिची छोटी छत्री उघडली आणि खाली गेली. त्यानंतर आवाजच नाही. काचेवरून वारा सळसळतो तेवढाच. तात्यांच्या आयुष्यात इतकी शांतता यापूर्वी एकदाच झाली होती, मोटार जळाली तेव्हा.

सहा मिनिटांत ते परत जमिनीवर होते. "कसं वाटलं?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, कुनी बोलतच न्हाई वर."

या सहा मिनिटांसाठी खाली किती माणसं राबली, हे गुरुजींनी वहीत मांडलं. विंचवाला, तार अडकवणारा, पंख धरणारा, खुणा करणारा, वेळ लिहिणारा, तार ओढून आणणारी गाडी आणि तिचा चालक, शिवाय ढकलणारे. वर दोघं, खाली आठ-दहा. लग्नातल्या घोड्यासारखं. बसतो एकच, घामाघूम होते वरात. जगातल्या कुठल्याही ग्लायडिंग क्लबमध्ये गेलं तरी हेच. सभासद रविवारभर ढकलतो, तेव्हा संध्याकाळी त्याची पाळी येते.

त्यातून मोठे होणारेही असतातच. या खेळात टप्प्यांना बिल्ले आहेत. चांदीच्या बिल्ल्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात : पन्नास किलोमीटर अंतर, सुटल्यानंतर हजार मीटर चढ आणि सलग पाच तास हवेत. पुतण्यानं हे सांगताच तात्यांनी बोटं मोजली. पन्नास किलोमीटर म्हणजे पाचोड ते संभाजीनगर. पाच तास एका सीटवर? "म्हंजी चांदी तर आजच मिळाली. पैठण ते पुणं, एकाच सीटवर, हलायची सोय न्हाई." उंचीची अट राहिली होती, तीही शेवगावच्या पुढच्या खड्ड्यांनी हप्त्याहप्त्यानं फेडली, असा त्यांचा दावा होता.

सोन्याला तीनशे किलोमीटर आणि तीन हजार मीटर. त्याच्या वर हिरे. क्लाउस ओलमान या जर्मन वैमानिकानं २००३ साली अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर तीन हजार किलोमीटरांहून जास्त उड्डाण केलं. २०१८ मध्ये अर्जेंटिनात 'पर्लान २' हा ग्लायडर ७६ हजार फुटांवर पोचला, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच्या दुप्पट. तिथंही इंजिन नव्हतं. सगळ्यात गोड रिवाज जर्मनीतला. पहिलं एकट्यानं उड्डाण करून उतरलेल्याच्या पार्श्वभागावर क्लबमधले सगळे ओळीनं फटके देतात. का, तर वर चढणारी हवा पहिल्यांदा तिथंच जाणवते, तो भाग जागा झाला पाहिजे. आत्याबाई विचारात पडल्या. "आमच्याकडं नापास झाल्यावर मारतेत," त्या म्हणाल्या, "म्हनून कुनी उडालं न्हाई."

त्यांची पाळी सगळ्यात शेवटी आली. तीन वाजत आले होते, माळ तापला होता, तरी त्या स्वेटर घालून बसल्या. खाली गुरुजींनी हिशेब केला : तापलेल्या दुपारी दर हजार मीटरला हवा दहाएक अंशांनी थंड होते, म्हणजे हजार फुटांवर तीन अंश. आत्याबाईंचा अंदाज तीन अंशांनी बरोबर होता. अडचण एवढीच होती की काचेच्या घुमटाखाली ऊन थेट डोक्यावर येतं. उतरल्या तेव्हा त्या घामानं निथळत होत्या.

"गार व्हतं ना, आक्का?" तात्यांनी विचारलं.

"लई गार," त्या म्हणाल्या आणि पदरानं कपाळ पुसलं. "दिवे घाट दिसला. चालताना केवढा वाटला व्हता! वरून पाहिला तर आपल्या अंगनातली पायरी."

निघताना मोसंब्यांची पिशवी माळावर रिकामी झाली. विंचवाल्याला दोन जास्त मिळाल्या, कारण तात्यांच्या मते खरा वैमानिक तोच.

दोन दिवसांनी पाचोडच्या बाजारात तात्यांच्या मृग बहाराच्या मोसंबीचा लिलाव लागला. ढिगाभोवती व्यापारी जमले, बोली टनावर चढू लागली. तात्या ढिगापाशी उभे होते, पण मान वर. बाजाराच्या पत्र्यांवरून एक घार चकरा घेत होती. पत्रे तापलेले, हवा चढती. घार डावीकडे वळली, पुन्हा वळली, पंख न हलवता आणखी एक घेर वर गेली.

"तात्या, द्यायचा का माल?" आडत्यानं विचारलं.

तात्यांनी नजर न हलवता हात वर केला. "थांब रे. आजून चढतीय."

व्यापाऱ्यानं एकदा तात्यांकडं पाहिलं, एकदा ढिगाकडं, आणि टनामागं पाचशे वाढवले.