इन्स्पेक्शनवाले काकाजी

काकाजींनी नोकरीत एकही रूळ बनवला नाही. बनवणारे वेगळे होते. काकाजी तो नापास करायचे. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये त्यांची सगळी हयात इन्स्पेक्शनला गेली. निवृत्त झाल्यावर हुडको वसाहतीत घर बांधायला काढलं तेव्हा पहिला मिस्त्री पायाभरणीतच पळाला आणि दुसरा छपरापर्यंत टिकला, कारण त्याला कमी ऐकू यायचं.

असा एक माणूस भिलाईच्या प्रत्येक सेक्टरात सापडतो. तो पोळी खाण्याआधी उजेडाकडे धरतो. नवी चप्पल घेतली की अंगठ्याकडून वाकवून पाहतो, मग टाचेकडून. लग्नात आहेराचं पाकीट देताना ते नीट चिकटलंय का हे बोटाने चाचपतो, आत किती आहेत याची मात्र त्याला फिकीर नसते. आमचे काकाजी या जमातीतले, आणि गेल्या मे महिन्यात त्यांच्यावर एक संकट आलं. त्यांना स्वतःला काहीतरी बनवावं लागलं.

पुण्याच्या नातीने फोनवर बाहुलीचं घर मागितलं. "विकतचं नको, आजोबांनी केलेलं." काकाजींनी सुताराकडून प्लायचं चार खोल्यांचं घर करून घेतलं, म्हणजे मोजमापं दिली आणि तीन वेळा परत पाठवलं. प्रमाण एकास बारा. एक फूट म्हणजे एक इंच. हे प्रमाण कुठून आलं ते मला उभ्या उभ्या ऐकावं लागलं. ल्युटेन्स नावाच्या साहेबाने एकीकडे नवी दिल्ली बांधत असतानाच इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर केलं, ते 1924 साली पुरं झालं, अजून विंडसरच्या किल्ल्यात आहे आणि ते एकास बारा आहे. "दिल्ली बांधणाऱ्या माणसाने पाळलं, मग आपण का नाही?" काकाजी म्हणाले.

नातीची बार्बी मात्र साडेअकरा इंचांची. काकाजींच्या प्रमाणात तिची उंची साडेअकरा फूट भरते आणि खोली दहा फुटांची. हे काकूंनी दाखवून दिलं. काकाजींनी टेप लावून बाहुलीची मोजणी केली, कागदावर लिहिलं आणि बाहुली नापास केली.

आता राहिला वॉलपेपर. बाजारातला खरा वॉलपेपर चालत नाही. त्यावरचं फूल तळहाताएवढं, म्हणजे बाहुलीच्या दिवाणखान्यात कोबीचा मळा. म्हणून सुपेल्याच्या बाजारातून बारीक नक्षीचे भेटवस्तूंचे कागद आणले. कागदाचा प्रश्न एका संध्याकाळात सुटला. तो चिकटवायचा कशाने, या प्रश्नाने मे महिना खाल्ला.

फेव्हिकॉलवर काकाजींचा जीव. त्याला कारण आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली 4 फेब्रुवारी 1959 ला. फेव्हिकॉल बाजारात आला 1959 मध्ये. काकाजींचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे ते या तिघांना एका बॅचचा माल समजतात. (बार्बीही 1959 सालचीच आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. नापास मालाशी नातं निघालं तर माणूस खचतो.) पण जिव्हाळा वेगळा आणि टेस्ट वेगळी. फेव्हिकॉल घट्ट, आणि पातळ करावा तर पाणी घालावं लागतं. पाणी लागलं की कागद फुगतो, उभा कमी, आडवा जास्त. वाळताना आकसतो. मधे हवा अडकली तर फोड येतो. शिवाय घरच्या प्रिंटरवर नातीसाठी छापलेली गुलाबांची नक्षी ओल लागताच जांभळी होऊन खाली ओघळली.

मग बाकीचे उमेदवार आले. पंक्चरचं सोल्युशन कागद अजिबात फुगवत नाही, पण काही काळाने पिवळं पडून डाग वर येतात. दोन्हीकडून चिकटणारी टेप एकदा बसली की सरकवता येत नाही, आणि एक मिलिमीटरचा तिरपेपणा काकाजींना रात्री झोपू देत नाही. बाभळीचा डिंक चांगला, पण वाळला की कडक होऊन तडकतो. फवाऱ्याचा डबा आणला तेव्हा काकूंनी तो वासासकट अंगणात ठेवला. शेवटी काकूच म्हणाल्या, "आमच्या माहेरी चिंचोक्याची खळ करायचे, नाहीतर मैद्याची. पतंगाला तर भाताची शितंच. तुम्ही इतका कायले विचार करून राहिले?"

मैद्याची खळ म्हणजे एक वाटी मैदा, पाच वाट्या थंड पाणी, गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे ती दाटते आणि दुधट रंग जाऊन काचेसारखी होते. हजार अंशांच्या वर तापलेलं पोलाद रोज समोरून जाताना पाहिलेला माणूस या पातेल्यापुढे थर्मामीटर घेऊन घाम पुसत उभा होता. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. काकाजींनी तेही आणलं होतं. मोरचूद विषारी, आणि पोरीचा हात खेळताना तोंडात जाणार, हे काकूंच्या लक्षात आलं. मोरचूद परत गेलं. काकाजींनी वहीत नोंद केली: सेफ्टीच्या कारणाने रद्द.

लावण्याची पद्धत हा निराळा अध्याय. आधी प्लायला पातळ खळीचा एक हात मारून वाळवायचा, नाहीतर लाकूड सगळी ओल पिऊन टाकतं. मग कागदाच्या पाठीला खळ लावून तो काही मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे जे काही फुगायचंय ते भिंतीवर जाण्याआधी फुगून घेईल. मग मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने हवा काढत न्यायचं. हे सगळं काकाजींनी बिनचूक केलं, फक्त दोन कागदांच्या सांध्यात त्यांनी फट ठेवली. मी विचारलं, तर म्हणाले, "एक्स्पान्शन." तेरा मीटरच्या रुळाला उन्हाळ्यात फट लागते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आता भिलाईत 130 मीटरचा अखंड रूळ निघतो, तरी बाहुलीच्या न्हाणीघरात फट राहिलीच.

त्यात भिलाईचा मे. बाहेर पंचेचाळीस, खळ ब्रशवरच वाळायची. कूलर लावला तर खसच्या ओलीने कागद सैल पडायचा. काकाजींनी कूलर बंद केला. तो काकूंनी सुरू केला. दुपारभर घरात तेवढाच संवाद होता.

दोन खोल्या झाल्या, एक फेव्हिकॉलची आणि एक खळीची, आणि भिंती वाकल्या. कागद एकाच बाजूने वाळून आकसला की पातळ प्लायला आपल्याकडे ओढतो. उपाय एकच, पाठीमागूनही कागद लावायचा. म्हणून घर बाहेरूनही नक्षीचं झालं.

पण खरी अडचण पुढेच होती. काकाजींचा नियम असा की ज्याने बनवलं त्याने तपासायचं नाही. जन्मात पहिल्यांदा ते बनवणाऱ्यांच्या बाजूला उभे होते आणि पलीकडे कोणी नव्हतं. काकूंना विचारलं. त्या लांबूनच म्हणाल्या, "छान झालं." काकाजींनी हा शेरा मानला नाही, छान हे मोजमाप नव्हे. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "चिपक गे हे साहेब, चल जाही." 'चल जाही' हे शब्द काकाजींनी नोकरीभर ऐकले होते आणि त्यावर लाल खडूने फुली मारली होती.

मग त्यांनी रूळ तपासायची जुनी रीत काढली. बॅचमधला एक तुकडा कापून घ्यायचा आणि तो मोडेपर्यंत ताण द्यायचा, वरून वजन आपटायचं. म्हणजे चिकटलेल्या भिंतीतून पट्टी सोलायची आणि टोकाला वजनं टांगून ती कधी सुटते ते पाहायचं. फेव्हिकॉलच्या खोलीत कागद सुटण्याआधी फाटला. काकाजी खूश. "पास!" म्हणाले. खोली मात्र गेली. खळीची पट्टी हळूहळू सुटली आणि भिंत शाबूत राहिली. पास झालेली खोली फाटलेली आणि सुटलेली खोली शाबूत, हा पेच त्यांनी दोन दिवस डोक्यात घोळवला. "खेळण्याला कागद बदलता आला पाहिजे," असं ठरवून अखेर सगळ्या खोल्या खळीने नव्याने लावल्या. माझ्या मते नोकरीत घेतलेल्या सगळ्या निर्णयांपेक्षा हा शहाणा होता.

जूनमध्ये नात आली. घर पाहून तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खाली बसली, डोळा तिरपा केला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजोबा, इथे फुगा राहिलाय." काकाजींनी चष्मा लावून पाहिलं. होता, मोहरीएवढा. त्यांनी वही आणली, तिच्याकडून त्यात फुली मारून घेतली आणि खाली स्वतःची सही केली. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले, असं काकू सांगतात. पोळ्या उजेडाकडे धरल्याच नाहीत म्हणे.

तुम्हाला बाहुलीघर सजवायचं असेल तर मैद्याची पातळ खळ घ्या, कापडाने गाळा, भिंतीला आधी एक हात द्या, कागद भिजून फुगू द्या आणि फट ठेवू नका. उरलेली खळ फ्रिजमध्ये ठेवली तरी चार-सहा दिवसांत आंबते, तेव्हा रोज लागेल तेवढीच करा. काही शंका आली तर काकाजींना जरूर विचारा, ते आनंदाने सांगतील. मात्र काम पूर्ण झाल्यावर त्यांना ते दाखवायला नेऊ नका.