दोन तारखेची पावभाजी

“वैनी, तुमाला आली का नाई पावभाजी?”

काकू भिंतीपलीकडून विचारत होत्या. मी दाराच्या तोरणातली सुकलेली झेंडूची फुलं उतरवत होते. पावभाजी म्हणजे खायची नव्हे, मोबाईलवरची. दोन ऑक्टोबर उजाडला की ‘दृश्यम’चे विनोद सुरू होतात. दोन तारखेला पणजीत स्वामी चिन्मयानंदांचा सत्संग, तीन तारखेला पावभाजी, असं त्यात अजय देवगण सगळ्यांना पटवत फिरतो. २०२५ ला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली, त्यामुळे आपट्याची पानं, बापूंचा चष्मा आणि अजय देवगण सगळे एकाच ग्रुपवर नांदत होते.

“आमचे जावई सोनं द्यायला आले, तर पाया पडायच्या आधी इचारलेत, मामी, दोन तारखेला कुठं होता?”

“मग काय सांगितलं?”

“मनलं, इथंच हाय बाबा, पुरणात हात घालून. पोळ्या मोजून घे, साक्षीदार हाईत.”

काकूंचं माहेर औशाचं. नांदेडात संसार करून केस पिकले, पण विभागीय आयुक्तालय नांदेडला का लातूरला हा वाद निघाला की त्या अजून माहेरच्या बाजूनं भांडतात. पिक्चरही त्यांना लातूरकडंच ओढायचा होता. “ह्याचा दिग्दर्शक कोन? निशिकांत कामत. त्यानं २०१४ ला ‘लय भारी’ कोनाला घेऊन काढला? आमच्या बाभळगावच्या रितेशला. आन एका वर्षानं ‘दृश्यम’. मंजे हात आमच्या पोरावरच बसला ना त्याचा?”

मी म्हटलं, काकू, त्या हिशोबानं तर कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’सुद्धा लातूर एक्स्प्रेसच म्हणायची. तो तर २००५ चा. आणि ‘दृश्यम’ची गोष्ट मुळात केरळातली, जीतू जोसेफची. २०१३ साली मोहनलालला घेऊन मल्याळममध्ये आली होती. कामतांनी ती गोव्यात आणली आणि साळगावकर, गायतोंडे, देशमुख अशी आपली माणसं त्यात वसवली. बिचारा माणूस २०२० च्या ऑगस्टात हैदराबादला गेला. पन्नाशी म्हणजे काय जायचं वय?

“तेच मनायली मी, देशमुख,” काकूंनी नेमकं तेवढंच उचललं. “काल रात्री टीव्हीवर परत लागला होता. आवराआवर सोडून पूर्न बगितला. आन वैनी, खरं सांगू, ह्या खेपेला मला त्या देशमुखबाईचंच वाईट वाटलं. त्या तब्बूचं.”

इथं माझे हात थांबले. कारण ‘दृश्यम’ बघताना देशमुखबाईच्या बाजूनं बसलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. अख्खं थिएटर साळगावकराच्या बाजूनं असतं. चौथी नापास केबलवाला, बायको, दोन पोरी. त्यांच्या हातून देशमुखबाईचं पोरगं गेलेलं, आणि वरून ह्या मोठ्या अधिकारीबाईचा त्यांच्यावर दात. आपण असल्या माणसाच्याच बाजूनं बसणार. तो कमलेश सावंतचा पोलीस गायतोंडे लहानग्या पोरीवर हात उचलतो तेव्हा आमच्या घरात माझ्या सासूबाईंनी टीव्हीला चप्पल दाखवली होती.

“अहो पण काकू, तिचं पोरगं काय गुणाचं होतं? पोरीचं आंघोळीचं चित्रण करून तिला धमकावणारं. शोधणारच ना आई. पण ती कशी शोधते? पोरीला मार, बापाला मार.”

“मी कुठं मनली ती गुणाची हाय? पोरगं वाया गेलेलं, आई अधिकारात माजलेली, समदं खरं. पन बगा, पिक्चर काय हाय? एका आईचं पोरगं हरवलंय आन ती शोधायली. बस, एवढंच हाय. आन आपन तीन तास देवाला काय मागायलो? हिला ते सापडू नाई. मला काल एकदम भ्याच वाटलं माझं मलाच.”

त्या बोलून गेल्या आणि दांडीवरचा टॉवेल झटकायला लागल्या, जसं काही सोयाबीनच्या भावाचं बोलल्या.

खरं सांगायचं तर ह्याच्यात कामतांची, म्हणजे जीतू जोसेफचीही, खरी चलाखी आहे. एरवीच्या रहस्यपटात आपल्याला माहीत नसतं पोर कुठं आहे, आणि आईबापाच्या मागंमागं आपणही पळतो. इथं आपल्याला सगळं माहीत असतं. तारीख कशी फिरवली, कंडक्टरच्या, हॉटेलवाल्याच्या डोक्यात नंतरचा प्रवास आधीच्या दिवशी कसा नेऊन बसवला, सगळं. माहीत नसतं ते एका आईलाच. आणि माहीत असणारा माणूस गुन्ह्यातला भागीदार होतो, हे थेटरातून बाहेर पडेपर्यंत लक्षातच येत नाही.

कंडक्टरवरून काकूंना वेगळीच शंका. “मला ते पटत नाई. आपल्या नांदेड-लातूर गाडीचा कंडक्टर अहमदपूर यायच्या आत सुटे पैसे कोनाचे राह्यले ते इसरतो. त्याला मागल्या आठवड्यातलं बिऱ्हाड आठवंल?”

“सुटे पैसे तो मुद्दाम विसरतो, काकू.”

“ते बी हाय म्हना.”

मग मी माझं म्हणणं काढलं. माझा राग त्या आईवर नव्हताच कधी. माझा राग होता गायतोंडेच्या धावपळीवर. पोरगं आय.जी. बाईचं होतं म्हणून तळ्यातली गाडी वर आली, अंगण खणलं गेलं, शाळकरी पोरीची चौकशी झाली. तेच आपल्या तरोड्यातल्या भाजीवालीचं पोर असतं तर? काकूंना म्हटलं, तुम्ही ‘अग्ली’ बघा. अनुराग कश्यपचा, २०१४ च्या डिसेंबरात लागला होता. त्याच्यात हेच आहे.

“ते इंग्रजी हाय का?”

“नाव इंग्रजी, पिक्चर हिंदी. आणि पोलीस आपला मराठी. गिरीश कुलकर्णी, ‘देऊळ’वाला.”

‘देऊळ’ म्हटल्यावर काकूंनी कोपरं भिंतीवर टेकली. म्हणजे आता सांगायला हरकत नव्हती.

त्यात एक सिनेमात धडपडणारा, काम न मिळालेला बाप आहे. बायको त्याला सोडून दुसऱ्याशी लग्न करून राहिलेली. आठवड्यातला एक दिवस पोरगी बापाकडं. तर हा पोरीला गाडीत बसवून मित्राकडं वर जातो आणि खाली येतो तर गाडी रिकामी. दोघं पोलीस ठाण्यात जातात. आणि तिथं जे सुरू होतं, वैनीबाईंनो, ते मी कुठल्या पिक्चरात पाहिलं नाही. इन्स्पेक्टर जाधव पोरीचं नाव सोडून सगळं विचारतो. तुझं खरं नाव काय आणि सिनेमातलं काय? नाव बदललंस कशाला? फोन आला की त्यावर फोटो कसा दिसतो रे, मला दाखव. बापाचं तोंड सुकलेलं, पोर गेलेलं, आणि हा फोनवर फोटो दिसतो त्याचं शिक्षण घेतोय. हसू येतं आणि पोटात गोळाही. गिरीश कुलकर्णीनं ते सगळं थंडपणानं केलंय. म्हणून तर जास्त राग येतो.

“मंग?”

“मग कळतं की त्या पोरीचा सावत्र बाप पोलिसातलाच मोठा साहेब आहे. रोनित रॉय. झालं, सगळं ठाणं उभं राहतं. फोन टॅप, गाड्या, माणसं. तीच पोरगी, तेच ठाणं.”

“सापडती का?”

“शेवट मी सांगणार नाही. पण एवढं सांगते, त्या पिक्चरात जो तो पोरीच्या नावानं आपलंच काहीतरी शोधत असतो. कोणी पैसा, कोणी जुना सूड. पोरीला शोधायला कुणालाच सवड नाही.”

काकू जरा वेळ गप्प राहिल्या, आणि त्यांची गप्प राहायची सवय नसल्यामुळं मलाच अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, “काल आपल्या मागल्या गल्लीत झालं ते कळलं का तुमाला?”

नव्हतं कळलं. मला सगळं उशिरा कळतं, ही काकूंची माझ्याबद्दलची कायमची तक्रार.

मागच्या गल्लीत नवीन भाडेकरू आलेत, मुखेडकडचे. पावसानं सोयाबीन गेलं तसे इकडं कामाला आले. दसऱ्याला गुरुद्वाऱ्याकडं शिखांची ‘हल्ला’ मिरवणूक बघायला अख्खं घर गेलं. निशाण, घोडे, तलवारी, ती गर्दी आपल्याला माहीतच आहे. पाच वर्षांची पोरगी हातातून सुटली. आई इकडं, बाप तिकडं. बंदोबस्तावरच्या पोलिसानं बाईला विचारलं, लेकराच्या अंगावर काय होतं?

“आन वैनी, तिला आठवंना. सकाळी तिनंच न्हाऊ घातलं, तिनंच घातला फ्राक, आन रंग आठवंना. कवा लाल मनती, कवा पिवळा. पोलीस बी कावरला. बाप मनायला पिवळाच. शेवटी तिच्या भावानं मोबाईल काढला. सकाळी आपट्याची पानं घेऊन समद्यांचा फोटो काढलता. त्याच्यात निळा.”

“निळा!”

“निळा. पांढऱ्या टिपक्याचा. मंग तसं भोंग्यावर सांगितलं. पोरगी कुठं होती? लंगरात. पंगतीत मांडी घालून बसलेली, वाढप्या सेवादाराला मनायली, अजून दाल द्या.”

ह्याच्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या आजी काठी टेकत कंपाउंडपाशी आल्या. काय झालं, काय झालं. काकूंनी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.

आमचे दीर पोलिसात आहेत, ते नेहमी म्हणतात ती गोष्ट मी काकूंना सांगितली. जत्रेला, उरसाला, मिरवणुकीला निघताना दारातच लेकराचा फोटो काढायचा, पायातल्या चपलेसकट. आणि चोवीस तास थांबा, मग तक्रार घेतो, असं जे लोक अजून धरून बसलेत, ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात सांगितलं की हरवलेलं मूल अठराच्या आतलं असेल तर अपहरण समजूनच लगेच गुन्हा नोंदवायचा. पूर्वी कलम ३६३ होतं, आता नव्या संहितेत १३७. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ११२ लावा, नाहीतर १०९८. दीर म्हणतात, पहिले दोन-तीन तास सोन्याचे असतात, आणि नेमके तेच पाहुण्यांना फोन करण्यात जातात.

“कामून? लाजंनं,” काकू म्हणाल्या. “लोक काय मनतील. पोरगी जराशी मोठी असली तर इचारूच नका. लातूरला क्लासला ठेवलेली पोरं एक दिवस फोन उचलना गेली तरी आईबाप गावात कोनाला कळू देत नाईत. मार्क कमी पडले मनून गेलं असंल, येईल, मनतात.”

हे मात्र खरं होतं आणि त्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. लातूर असो की आपलं नांदेड, नीटच्या क्लासच्या गल्ल्यांत खोल्या करून राहणारी पोरं सोळा-सतराची. चुकून रेल्वे स्टेशनवर गेली आणि सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसली तर थेट अमृतसर.

“ह्याच्यावर कोनी पिक्चर काढत नाई,” काकू म्हणाल्या, “आन काढला तर त्यात बी आधी एक खून टाकतील.”

आजी कंटाळल्या होत्या. “अगं कोनाचं हरवलंय? मला बी सांगा.”

काकू त्यांच्याकडं वळल्या, पण सांगायला लागल्या भलतंच. किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले आणि पहाटे चारला जमीन हलली. काकू तेव्हा बाळंतपणाला माहेरी, औशाला. “मंगरूळला दीड वर्साची पोरगी ढिगाऱ्याखाली होती. आईबाप वाचलेले. तवा समदे सांगायचे, चार-पाच दिवस झालते, आशा कोनालाच नव्हती. ते फौजीसायबाच्या मागं लागले, जिती मागत नाई सायब, मातीला तेवढी काडून द्या. आन तो सायब आत शिरला तर पोरगी बाजंखाली जिती.”

आजींनी हात जोडले.

“म्हून मनते, वैनी,” काकू परत माझ्याकडं. “शेवटाला ती तब्बू आन तिचा नवरा साळगावकराला भेटतात ना, तवा तो नवरा काय मागायला? न्याय? नाई. काय झालं तेवढं सांग मनतो. जितं हाय का नाई तेवढं सांग. आन हा पठ्ठ्या हात जोडून गोलगोल बोलतो. मला काल वाटलं, टीव्हीत हात घालून त्याला मनावं, अरे ठाण्याच्या फरशीखाली हाय, सांग की एकदाचं.”

“काकू! ज्यांनी बघितला नाही त्यांचं काय?”

“इतक्या वर्सात बगितला नाई त्यानं आता काय बगायचाय?”

मी म्हटलं, सांगितलं असतं तर त्याच्या दोन पोरी आणि बायको तुरुंगात. मग तुम्हीच टीव्हीसमोर रडला असता. काकू म्हणाल्या, रडले असते, त्यात काय. मी म्हटलं, मग तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं? त्या म्हणाल्या, “बाजू काय, निवडनूक हाय का?”

आजींना एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट हाताला लागली होती, आणि ती त्या सोडायला तयार नव्हत्या. “ते मंगरूळचं कळलं. लंगरातलं बी कळलं. ते पिच्चरातल्या बाईचं पोरगं सापडलं का नाई?”

“सापडलं की आजी,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्या भागात. अस्थी पोचवल्या त्यानं आईबापाला.”

“कवा?”

“पैला भाग २०१५ ला, दुसरा २०२२ ला. धरा सात वर्सं.”

“सात वर्सं?” आजी काठीवर हनुवटी टेकून म्हणाल्या. “आन तवर ती बाई जेवायची काय?”