नगरचा यात्रेकरू, मुक्काम पोस्ट लंडन

अहिल्यानगर जिल्ह्यातून (जिल्हावासीयांच्या तोंडी अजूनही ‘नगर’) उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक स्वतंत्र वर्ग आढळतो, ज्याला सोयीसाठी ‘परदेशस्थ यात्रेकरू’ म्हणता येईल. या वर्गातील विद्यार्थी सावेडीतले नाहीतर संगमनेरातले घर बँकेकडे तारण ठेवून वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातो, सोमवार ते शुक्रवार निबंधांच्या मुदती पाळतो आणि शनिवार उजाडला की दिसेल ते चर्च, दिसेल तो किल्ला आणि दिसेल ती कबर पाहत सुटतो. नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या, म्हणजे डोंगरावर नसून सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याच्या, खंदकाजवळून तो शाळेत असल्यापासून क्लासला जात आलेला असतो. त्या काळात त्याने एकदाही मान वळवून तिकडे पाहिलेले नसते, ही त्याची ओळखण्याची पहिली खूण.

याचा अर्थ तो अश्रद्ध असतो किंवा त्याला इतिहासाचे वावडे असते असा नव्हे. जिल्ह्यात स्थळांची वाण नाही, परंतु तिथे जायला निमित्त लागते आणि निमित्ते पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहेत : पाहुणे आले की शिर्डी, शिर्डी झाली की परतताना शनिशिंगणापूर, अष्टविनायकाची गाडी ठरली तर सिद्धटेक, नवरात्रात मोहटादेवी आणि रंगपंचमीला मढीची कानिफनाथांची यात्रा. चांदबिबीच्या महालाला असे कोणतेच निमित्त नसल्याने तिथे शाळेच्या सहली तेवढ्या जातात. वास्तविक शहा डोंगरावरची ही तीन मजली अष्टकोनी वास्तू चांदबिबीचा महाल नसून निजामशाहीतील वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. परंतु गुरुजी या मुद्द्यापर्यंत येईस्तोवर मुलांचे डबे उघडलेले असतात, आणि एकदा डबा उघडल्यावर कबर कोणाची हा प्रश्न मागे पडतो.

परदेशात निमित्ताची जागा हिशेब घेतो. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजलेले असल्याने कर्जाचा हप्ता सुरू होण्याआधी जेवढे पाहून होईल तेवढे ‘वसूल’, असे या विद्यार्थ्याचे अर्थशास्त्र असते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये किंवा वेस्टमिन्स्टर ॲबेत पर्यटक म्हणून जाणाऱ्याला तिकीट पडते, उपासनेसाठी जाणाऱ्याला मात्र पडत नाही. आणि संध्याकाळी गायकवृंदाच्या साथीने होणारी ‘इव्हनसाँग’ नावाची उपासना सर्वांना खुली असते, हा शोध त्याला फार लवकर लागतो. शिर्डीत रांग टाळण्यासाठी सशुल्क दर्शनाचा पास काढणाऱ्या घरातला हा मुलगा तिकीट टाळण्यासाठी संपूर्ण उपासनेला हात जोडून बसतो आणि शेवटी, धूपारतीनंतर जशी पाहावी तशी, प्रसादाची वाट पाहतो. रात्री फोनवर तो आईला “आज आरती मिळाली” एवढेच सांगतो. आई विचारते, “कोणत्या देवाची रे?” तो म्हणतो, “देवाचीच.”

आचाराच्या बाबतीत त्याची पंचाईत मुख्यतः टोकांची असते, म्हणजे पायांची आणि डोक्याची. चर्चच्या दगडी उंबरठ्याशी पोचताच त्याचा हात आपोआप बुटाच्या नाडीकडे जातो आणि नजर चपला ठेवण्याची जागा शोधू लागते. डोक्यावरची आजीने दिलेली माकडटोपी मात्र तशीच असते. दारावरचा सभ्य गृहस्थ बुटांकडे बोट करून नको म्हणतो, टोपीकडे बोट करून काढ म्हणतो, आणि देवासमोर पाय झाकावेत व डोके उघडे ठेवावे हा उलटा न्याय पचवायला या विद्यार्थ्याला एक संपूर्ण सत्र लागते.

त्याच्या इतिहासज्ञानाला खरी कलाटणी मिळते ती हाइड पार्कच्या कोपऱ्यावरील अप्सली हाउसमध्ये. हे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे घर, आता संग्रहालय. आणि वेलिंग्टन म्हणजे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती, एवढी माहिती घेऊन तो आत शिरतो. जिन्यापाशी कानोव्हाने घडवलेला नेपोलियनचा उंचच्या उंच, जवळजवळ दिगंबर पुतळा आहे, त्याच्यासोबत तो फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकताना फक्त वरचा भाग ठेवतो. पुढे दख्खनच्या मोहिमेतील अधिकाऱ्यांनी वेलिंग्टनला भेट दिलेला, सोन्याचा मुलामा चढवलेला चांदीच्या भांड्यांचा संच मांडलेला दिसतो. पाटीवरचा ‘दख्खन’ शब्द वाचून तो थबकतो, त्याचाही फोटो पाठवतो, आणि मग निवृत्त शिक्षक असलेल्या मामांचे उत्तर येते. (प्रत्येक नगरी घरात असा एक मामा असतो, नसल्यास शेजाऱ्यांचा वापरला जातो.) मामा कळवतात की वेलिंग्टन होण्यापूर्वी हा गृहस्थ आर्थर वेलस्ली होता, १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने शिंद्यांच्या ताब्यातील नगरवर चाल केली, ८ तारखेला शिड्या लावून पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला घेतला, किल्ल्याजवळच्या चिंचेखाली साहेब जेवल्याची हकिकत सांगतात, आणि “त्याच बाजूला आठवीत असताना तू दोन प्लेट भेळ खाल्ली होतीस, विसरलास का?”

या संदेशानंतर सेंट पॉलच्या तळघरातील वेलिंग्टनच्या थडग्याकडे जाताना त्याची चाल बदललेली असते. इतर पर्यटक कुजबुजत पुढे सरकतात, हा मात्र हक्काने उभा राहून शेजारच्या स्पॅनिश मुलीला सांगतो की या माणसाने आमचा किल्ला घेतला. हे अभिमानाने सांगायचे की तक्रारीच्या सुरात, हे त्याला ठरवता येत नाही. ती मुलगीही सांगते की तो आमच्याकडेही येऊन लढला होता, आणि दोघांची ओळख वाढते.

वेस्टमिन्स्टर ॲबेत तो १४०० साली वारलेल्या चॉसर या आद्य इंग्रजी कवीच्या कबरीपुढे नम्र होतो. त्याच्याही शंभर वर्षांहून अधिक आधी, १२९० साली, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या फाट्यावर तो छत्रपती संभाजीनगरला जाताना कैक वेळा चहाला उतरलेला असतो. पण ज्याला टेकून ज्ञानदेव बसत असे मानतात तो पैस खांब पाहायला आत जाण्याइतका वेळ गाडीने कधीच दिलेला नसतो.

वसतिगृहात मात्र तो जिल्ह्याचा अनधिकृत राजदूत असतो. शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे नसण्याची प्रथा आहे, २०११ साली तिथे एका बँकेनेही बिनकुलपाची शाखा उघडली, हे तो सहनिवाशांना इतक्या तन्मयतेने सांगतो की ऐकणारे स्तब्ध होतात. आणि सांगता सांगता त्याचा उजवा हात स्वतःच्या खोलीची किल्ली खिशात आहे ना, हे चाचपत असतो.

या राजदूताची खरी परीक्षा एखादी सत्तरीची इंग्रज बाई घेते. तो नगरचा आहे हे कळताच तिचे डोळे भरून येतात, कारण ती मेहेरबाबांची भक्त असते आणि अरणगावजवळच्या मेहेराबादला, जिथे बाबांची समाधी आहे, अनेकदा येऊन गेलेली असते. ३१ जानेवारीला, म्हणजे १९६९ साली बाबांनी देह ठेवला त्या दिवशी, भरणारी अमरतिथी तिला माहीत असते, टेकडीवरचा वारा माहीत असतो, नगर स्टेशनवरचे रिक्षावाले किती सांगतात आणि कितीला तयार होतात हेही माहीत असते. “तुम्ही समाधीला नेहमी जात असाल,” ती म्हणते. दौंडला गाडी पकडायला जाताना मेहेराबादची कमान डाव्या हाताला लागते की उजव्या, एवढेही त्याला आठवत नाही, आणि नगरविषयी एका इंग्रज बाईकडून माहिती घेण्याची पाळी त्याच्यावर येते. तो ती निमूटपणे वहीत उतरवून घेतो. हा त्याच्या स्वभावातील सर्वांत चांगला भाग म्हटला पाहिजे.

शेवटचा धक्का विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसतो. नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ निबंधापुरते चाळावे म्हणून तो काढतो, तर अर्पणपत्रिकाच नगरच्या किल्ल्यातील सहबंद्यांना. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद अशी मंडळी तिथे स्थानबद्ध होती आणि हा ग्रंथ १९४४ साली त्याच खंदकाच्या आत लिहिला गेला. पदवी घेऊन परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो किल्ल्यावर जातो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने दाराशी ओळखपत्र दाखवावे लागते. तो सवयीने मुदत संपलेले विद्यार्थी-कार्ड पुढे करून सवलत विचारतो आणि पहाऱ्यावरचा जवान शांतपणे आधार कार्ड मागतो. ज्यांना जायचे असेल त्यांनी ते सोबत ठेवावे. नेत्यांच्या खोल्या पाहायला अर्धा तास पुरतो; मामा बरोबर असल्यास अर्धा दिवस धरावा.