मयत की हयात

दुवेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता पोस्टमनशिवाय कुणी वाचत नाही. स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या एका भयकादंबरीतला माणूस दुसऱ्या कादंबरीत कुठे डोकावला, कशाला डोकावला आणि तिथून जिवंत परतला का, हे दुवे जुळवण्यात ज्याची पेन्शनीतली वर्षं चालली आहेत, त्याला दुसरं काय म्हणायचं? असे दुवेकर जगभर आहेत. बरेचसे तरुण असतात आणि काळे टी-शर्ट घालतात. आमचे नाशिकचे दुवेकर पांढरा हाफ शर्ट घालतात आणि खिशाला दोन पेनं लावतात, एक निळं, एक लाल. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणजे बोलीतले ‘सर्कल’ म्हणून निवृत्त झाले. मधला सगळा काळ वारसनोंदी आणि फेरफार यांत गेला.

भुताखेतांची पुस्तकं लोक घाबरायला वाचतात. दुवेकर ती चौकशीला वाचतात. गटाराच्या तोंडातून जोकर हात बाहेर काढतो, सहा वर्षांच्या पोराला धरतो, आपण पुस्तक मिटून घरातला दुसरा दिवा लावतो, दुवेकर चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, “हा मूळचा कुठला?” लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला विचारावं तसं. मूळ गाव कळलं, कुणी ओळखीचं निघालं की परकेपणा संपला, आणि परकेपणा संपला की भीती कसली? मग ते भूत राहत नाही, लांबचं कुणीतरी होतं.

किंगनेही या माणसासाठीच लिहिलं असावं असा त्याचा कारभार आहे. मेन राज्यात त्याने कॅसल रॉक, डेरी, जेरुसलेम्स लॉट अशी गावंच्या गावं कल्पनेने वसवली. डेरी हे तो स्वतः राहिलेल्या बँगोर शहरावरून बेतलेलं. जोकर तिथला, ‘इट’ (१९८६) मधला. फॉकनर या अमेरिकन कादंबरीकाराने मिसिसिपीत असाच एक अख्खा जिल्हा उभा केला होता, पण तिथल्या माणसांना मेल्यावर निदान स्वस्थ पडायची मुभा होती (एका कादंबरीत मेलेली आई बोलते, ती सोडून). किंगकडे ती नाही. एका पुस्तकात पुरलेला दुसऱ्यात उगवेल, आणि दुसऱ्यात किरकोळ कामाला आलेली बाई पुढची दहा वर्षं घर अडवून बसेल.

दुवेकरांचं रजिस्टर मी पाहिलं आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीचं, लांबोडकं, लाल पेनाने आखलेलं. रकाने असे: इसमाचे नाव, मौजे, कोणत्या पुस्तकातून आला, कोणत्या पुस्तकात गेला, मयत की हयात, शेरा. एक नोंद मी उतरवून घेतली. “बॅनरमन, शेरिफ, मौजे कॅसल रॉक. ‘द डेड झोन’, १९७९, हयात. ‘कुजो’, १९८१, पिसाळलेल्या कुत्र्याकडून मयत. पुढे पदभार: पँगबॉर्न, ‘द डार्क हाफ’, १९८९. शेरा: सदर कुत्र्याच्या अंगी ‘डेड झोन’मधील खुनी पोलीस फ्रँक डॉड संचारल्याचा संशय. पुरावा नाही.” कोपऱ्यात सही आणि तारीख.

रँडल फ्लॅग या सैतानी इसमाला वेगळं पान आहे. तो ‘द स्टँड’ (१९७८) मध्ये जग बुडवायला निघतो, ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’मध्ये राजाचा दरबारी जादूगार असतो, ‘डार्क टॉवर’ या मालिकेत आणखी तिसऱ्याच नावाने हिंडतो. लोक त्याला घाबरतात. दुवेकरांना त्याच्याबद्दल ममत्व आहे. “इतकी ‘उर्फ’ लावणारा इसम म्हणजे जमिनीचं प्रकरण असणारच,” ते म्हणतात.

खरी पंचाईत मृत्यूच्या दाखल्यांची. ‘द शायनिंग’ (१९७७) मधला ओव्हरलुक हॉटेलचा आचारी डिक हॅलोरन कादंबरीच्या शेवटी हयात आहे. स्टॅन्ली कुब्रिकने १९८० मध्ये सिनेमा काढला आणि त्यात त्याला कुऱ्हाडीने मारून टाकलं. हॉटेलचं उलटं झालं: कादंबरीत बॉयलर फुटून ते जळतं, सिनेमात तसंच उभं राहतं. किंगला तो सिनेमा आवडला नाही हे जगजाहीर आहे, पण दुवेकरांच्या रागापुढे किंगचा राग म्हणजे काहीच नाही. “मूळ मालकाला नोटीस नाही, जबाब नाही, परस्पर मयत नोंद! आमच्याकडे असं केलं असतं तर निलंबन झालं असतं.” पुढे २०१३ मध्ये किंगने उत्तरभाग लिहिला, ‘डॉक्टर स्लीप’. त्यात हॅलोरन ‘शायनिंग’मधल्या, बाप गमावलेल्या छोट्या डॅनीला भुतं पेटीत कशी कोंडायची ते शिकवतो. २०१९ मध्ये माइक फ्लॅनगनने त्याचा सिनेमा केला तेव्हा बिचाऱ्याला कुब्रिकचं उभं हॉटेलही सांभाळायचं होतं आणि किंगचं जळकं हॉटेलही. त्याने शेवटी बॉयलर पेटवून दिला. दुवेकरांनी त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं: “दुरुस्ती झाली. विलंब क्षमापित.”

हाच हॅलोरन ‘इट’मध्ये येऊन जातो. १९३० सालचं डेरी, काळ्या सैनिकांनी स्वतःसाठी उभारलेलं ‘ब्लॅक स्पॉट’ नावाचं नाचगाण्याचं ठिकाण, ते पेटवून देणारे गोरे; आणि त्या आगीतून माणसं बाहेर काढणारा एक तरुण लष्करी आचारी. वाचवलेल्यांपैकी एकाचा मुलगा पुढे जोकराशी लढणाऱ्या सातांतला एक होतो. एवढंच. ज्याने ‘शायनिंग’ वाचलेली नाही त्याचं काही अडत नाही. ज्याने वाचली आहे त्याला तिथे ओळखीचा माणूस भेटतो, आणि अशा जागी ओळखीचा माणूस भेटणं किती मोठं, हे त्या प्रसंगात कळतं. माझ्या मते किंगचा सगळ्यात चांगला दुवा हाच. गोष्टीला तो लागत नाही, म्हणून तो मोलाचा आहे. पुढे ‘डार्क टॉवर’ने सगळ्या कादंबऱ्या एकाच मनोऱ्याला बांधायला घेतल्या तेव्हा मात्र मोह अनावर झाला. हे मत मी दुवेकरांसमोर एकदाच बोललो. त्यानंतर मला चहा अर्धा कप मिळू लागला.

कारण ‘डार्क टॉवर’ हा त्यांचा काशीखंड. आठ खंड, पहिला १९८२ चा. ‘सेलम्स लॉट’ (१९७५) मधला फादर कॅलहन आठवत असेल: रक्तपिपासूचं रक्त प्यावं लागलेला, स्वतःच्याच चर्चच्या दाराने झिडकारलेला, बसमध्ये बसून गाव सोडून गेलेला पाद्री. तो पुन्हा उगवला थेट २००३ मध्ये, ‘वुल्व्हज ऑफ द कॅला’त. “सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायदा मयत धरतो,” दुवेकर म्हणाले, “हा अठ्ठावीस वर्षांनी हजर! आणि हजर होऊन बघतो काय, तर आपल्यावर कादंबरी छापलेली.” हे खरं आहे, फादरच्या हाती ‘सेलम्स लॉट’च पडतं. पुढच्याच खंडात, २००४ मध्ये, स्टीफन किंग हा इसम स्वतः पात्र म्हणून अवतरला, तेव्हा दुवेकरांचं लाल पेन थबकलं. लेखकाला कोणत्या रकान्यात घालायचं, मालक की कूळ? ती जागा अजून कोरी आहे.

कुळाचा विषय निघाला म्हणून हॉली गिब्नीचं सांगतो. २०१४ मध्ये ‘मिस्टर मर्सिडीज’मध्ये ही बुजरी, मनात पुटपुटणारी बाई छोट्या कामासाठी आली होती, आपला बेत तेवढाच होता असं किंगनेच सांगितलं आहे. ती राहिली. त्या मालिकेचे पुढचे दोन भाग, मग ‘द आउटसायडर’, मग ‘इफ इट ब्लीड्स’, २०२३ मध्ये तर कादंबरीचं नावच ‘हॉली’, २०२५ मध्ये ‘नेव्हर फ्लिंच’. दुवेकरांनी शेऱ्यात तीन शब्द लिहिलेत: “कसेल तिची जमीन.”

त्यांना आडवं पाडलं ते फक्त एकाच प्रकरणाने. १९९६ च्या २४ सप्टेंबरला किंगने एकाच दिवशी दोन कादंबऱ्या सोडल्या, ‘डेस्परेशन’ स्वतःच्या नावाने आणि ‘द रेग्युलेटर्स’ रिचर्ड बाकमन या टोपणनावाने. दोन्हींत त्याच नावांची माणसं, पण माणसं तीच नव्हेत. कार्व्हर कुटुंबात तर एका पुस्तकातले आईबाप दुसऱ्या पुस्तकात मुलं आहेत आणि मुलं आईबाप. वारस ठरवायचा कुणी कुणाचा? वहिनी सांगतात, तो पंधरवडा यांनी जेवताना मीठ मागितलं नाही. वहिनी आणखीही एक गोष्ट सांगतात, पण ती त्यांच्यामागे: सासरे जाऊन वर्षं झाली, दिंडोरीकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, कारण दुवेकरांचं सख्ख्या भावाशी बोलणं नाही.

मराठी वाचकाला हे वेड नवं नाही, असं दुवेकरांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. ते स्वतः या वाटेला लागले तालुक्याच्या वाचनालयातल्या नारायण धारपांच्या भयकथांमुळे. धारपांचे ‘समर्थ’ असेच पुस्तकामागून पुस्तकात अघोरी शक्तींचा बंदोबस्त करत फिरत. पुढे कळलं की धारपांची ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वरून आलेली. आणि २०१८ चा ‘तुंबाड’ हा सिनेमा त्या आजीची आठवण आणि पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीतलं नाव घेऊन उभा राहिला. म्हणजे मेनची म्हातारी पुण्यामार्गे कोकणात, तीही खोतांच्या गावी! महसूल खात्याच्या माणसाला आणखी काय हवं? ती नोंद त्यांनी दत्तकाच्या पानावर घेतली आहे.

तरुण वाचकांनी मात्र त्यांच्यापासून जपून असावं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा लिफ्टमध्ये ‘डेड झोन’ घेऊन उभा होता. दुवेकरांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि मायेने म्हणाले, “बॅनरमन आला का? चांगला माणूस. पुढच्या पुस्तकात कुत्रा खातो त्याला.” पोरगं तेव्हापासून जिन्याने जातं.

त्यांना भीती वाटत नाही म्हणालो, पण वाईट वाटतं. ‘कुजो’मध्ये बंद पडलेल्या गाडीत, बाहेर कुत्रा टपलेला असताना, उन्हाने आणि तहानेने चार वर्षांचा टॅड मरतो. बाप व्हिक ट्रेंटन पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुस्तक १९८१ चं. किंगने २०२४ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, ‘रॅटलस्नेक्स’ ही दीर्घकथा लिहिली. तिच्यात व्हिक म्हातारा झालाय, फ्लोरिडात एकटा आहे. त्याच्या ओळीत दुवेकरांनी निळ्या पेनाने “हयात” लिहिलंय. वारसाच्या जागी “निरंक” लिहायचं होतं, सर्कलने ते आयुष्यात हजारदा लिहिलं असेल. तिथे नुसती रेघ आहे. मी विचारलं नाही.

पण ‘मिझरी’चा (१९८७) विषय काढून पाहा. लेखक पॉल शेल्डन आपल्या लाडक्या नायिकेला मारून मोकळा होतो, अपघातात सापडतो, आणि अ‍ॅनी विल्क्स ही त्याची ‘नंबर एक वाचक’ त्याला घरात डांबून उत्तरभाग लिहायला लावते. तो थातूरमातूर युक्तीने नायिकेला जिवंत करतो, तर अ‍ॅनी कागद परत करते: ही लबाडी आहे, पुन्हा लिहा. जगाला या बाईचं नाव काढलं की घाम फुटतो. दुवेकर ताठ बसतात.

“बाईचं म्हणणं कायदेशीर आहे.”

“अहो, तिने त्याचं पाऊल कुऱ्हाडीने तोडलं!”

“ते गैर. पद्धत चुकली. पण मयत नोंदवलेला इसम हयात दाखवायचा तर पुरावा नको? मागच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघायला नको? तिचा अर्ज रास्त होता.” मग आवाज खाली आणून, “शिवाय ओव्हरलुकच्या जळक्या अवशेषांची चित्रं काढायला आलेला चित्रकार तिनेच मारला. म्हणजे ‘शायनिंग’ची आग पक्की झाली. सरकारी साक्षीदारच म्हणायचा तो.”

किंगच्या सगळ्या भुतांपेक्षा मला या वाक्याची भीती वाटली.

तरीही तुम्हाला किंग वाचायचा असेल, तर जरूर वाचा, आणि क्रम दुवेकरांना विचारू नका. ते आठ खंडांच्या मनोऱ्यापासून सुरुवात करायला लावतील. आधी ‘डेड झोन’, मग ‘कुजो’, आणि वय जरा वाढलं की ‘रॅटलस्नेक्स’. ‘शायनिंग’ झाल्यावर ‘इट’ घ्या, ‘डॉक्टर स्लीप’ची घाई नाही. ‘मिझरी’ला मागचं-पुढचं काही लागत नाही. पुस्तकं दुवेकरांकडे सगळी आहेत. सही घेऊन देतात, पंधरा दिवसांत परत मागतात. फक्त दारातच घ्या. आत बसलात आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, की शेवट ऐकल्याशिवाय सुटका नाही.