बिनहीटरचे टनेल: जूचंद्रातल्या नवशिक्यांसाठी

पहिला नियम: हीटर घेऊ नका. जूचंद्रात हा नियम पाळायला फार सोपा आहे. मिठागरातले पाणी जिथे नुसत्या उन्हाने आटून मीठ होते, तिथे टनेल तापवायचे काम सूर्य आपणहून अंगावर घेतो, वर बिलही पाठवत नाही.

ज्या व्हिडिओने तुम्हाला हा नाद लावला, त्यात बाहेर बर्फ आणि आत लालबुंद स्ट्रॉबेरी होती. त्यात खोटे काही नाही. 1948 च्या सुमारास अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट यांनी महाग काचेऐवजी प्लास्टिकची फिल्म लावून हरितगृह उभारले. पुढे थंड मुलखांत पाइपांच्या कमानींवर प्लास्टिक ताणायचे, दिवसाचे ऊन आत कोंडायचे आणि भट्टी न पेटवता वसंत काही आठवडे आधी बोलवायचा, अशी रीत पडली. हेच ते टनेल. आपल्याला इथे कोणता ऋतू लवकर बोलवायचा आहे, हे एकदा घरच्यांना विचारून घ्या. मे महिना कोणी मागेल असे वाटत नाही.

तरी उभारायचेच ठरले, तर जागा पाहा. खाडीच्या बाजूला असेल तर माती आधी जिभेवर ठेवा. खारट लागली तर व्यवहार मोडा. मिठात लावलेल्या टोमॅटोला नंतर मीठ लावावे लागत नाही, कारण टोमॅटोच येत नाही. माती गोडी असेल तर जस्ताचे पाइप आणा, 200 मायक्रॉनचा यूव्ही कागद ताणा आणि व्हिडिओत दाखवतात तसे मार्चमध्ये सगळे पडदे गच्च बंद करून जेवायला जा. परत याल तेव्हा निकाल तयार असेल. पारा पस्तिशीच्या वर राहू लागला की टोमॅटोची फुले गळतात. पालक मान टाकतो. कोथिंबिरीला घाईने तुरा येतो. धन्यांसाठी लावली होती, असे शेजाऱ्यांना सांगता येते.

स्ट्रॉबेरीचे दुखणे वेगळे. तिला फुलायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,350 मीटरच्या आसपास आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपे लावतात आणि 2010 साली त्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे शेतकरी ती उघड्या रानात घेतात, कारण तिथल्या हिवाळी रात्री खरोखर गार असतात. आपल्या चंडिकादेवीच्या डोंगरावर टनेल बांधायचा विचार आला असेल तर तो देवीच्या पायाशीच ठेवून खाली या. तेवढ्या उंचीने पारा हलत नाही. स्ट्रॉबेरी पाहायचीच हौस असेल तर गावातल्या रांगोळी कलाकाराला गाठा. अशी काढून देईल की पाहुणा उचलायला वाकेल.

आता टनेलचे काय करायचे? दोन्ही बाजूंचे पडदे कायमचे काढून टाका. जे उरते त्याला आपल्याकडे इरले म्हणतात. फक्त ते माणसाच्या पाठीवर नसून वाफ्यावर असते. इथे चोरायची असते ती ऊब नव्हे, कोरड. पावसाळ्यात उघड्यावरची कोथिंबीर सडते, बाजारात जुडीचा भाव ऐकून गिऱ्हाईक पिशवी घडी करते, आणि नेमकी तेव्हा तुमच्या छपराखाली जुडी उभी असते. टनेलचा इथला खरा हंगाम हाच.

मात्र छपराचे पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवा. दहा मीटर रुंद, तीस मीटर लांब छपरावर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो पडतोच, तर 30,000 लिटर पाणी खाली येते. चर खणला नसेल तर ते तुमच्या वाफ्यातच येते. वाऱ्याचेही बघा. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ या किनाऱ्याबाहेरून गेले, तेव्हा कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होते. असे काही येणार असे कळले की कागद उतरवा. नाहीतर तो पलीकडच्या कामण गावी जाऊन शोधा.

बाजूंना किडीची बारीक जाळी लावलीत, तर मधमाशी बाहेरच राहील. मग रोज सकाळी काकडीचे नर फूल हातात धरून मादी फुलांच्या दारोदार तुम्हालाच फिरावे लागेल. काही जण हे आनंदाने करतात.

शेजारच्या आजी मात्र अक्षय्यतृतीयेच्या सुमारास परसात आळी करतात, काकडी-शिराळ्याचे बी टोचतात, भांडी विसळलेले पाणी घालतात आणि वर मांडव बांधतात. पहिला पाऊस येतो तेव्हा वेल उभा असतो. या पद्धतीला अनुदान नाही, म्हणून तिच्यावर व्हिडिओही नाही.

राहिली बेरी. ती मेमध्ये करवंदाच्या जाळीत टनेलशिवाय पिकते. पानाच्या द्रोणात विकायला बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका; काटे तिला लागले आहेत. आणि खाताना पांढरा सदरा घालू नका, डाग जात नाही.