विषय : खाते बंद करणेबाबत

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
दि. 5 नोव्हेंबर 2011

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
आमची (आज सकाळपर्यंतची) मोठी बँक

स. न. वि. वि.

वरील विषयास अनुसरून कळवते की, माझं नऊ वर्षांचं खातं मी आज बंद केलं. रांगेत पुढे अकरा जण होते आणि बहुतेकांचं काम तेच होतं, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलंसुद्धा नाही. तरी आपल्या दप्तरी नोंद असावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आभार मानते. वजाबाकी मला खरी आपण शिकवलीत. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खात्यात 900 डॉलर होते. सकाळी 2 डॉलरचा पाव घेतला, मग 4 डॉलरची कॉफी, संध्याकाळी 6 डॉलरचं दूध. रात्री घरभाड्याचा 895 चा चेक वटायला आला. कराडच्या आमच्या शाळेतल्या हिशेबाने तो चेक तेवढा सात डॉलरनी कमी पडायचा आणि 35 डॉलरचा दंड एकदाच बसायचा. आपण मात्र सर्वांत मोठी रक्कम आधी वजा केलीत. भाडं गेलं, उरले पाच. मग दूध, कॉफी, पाव एकामागून एक तोंडावर आपटले. दंड 105 डॉलर. दोन डॉलरचा पाव मला सदतीसला पडला! पुढे याच करामतीबद्दल न्यायाधीशांनी वेल्स फार्गोला 20 कोटी 30 लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायचा हुकूम दिला, तेव्हा कळलं की हे गणित थोरामोठ्यांच्या घरचंच आहे.

त्यात यंदा सप्टेंबरअखेर बँक ऑफ अमेरिकेने डेबिट कार्ड वापरण्याचे महिना 5 डॉलर जाहीर केले. नव्या नियमाने दुकानदाराकडून दर व्यवहारामागे मिळणारे सरासरी 44 सेंट जवळजवळ निम्म्यावर येणार होते. दुकानदाराचा खिसा आखडला, म्हणून हात आमच्या खिशात. लॉस एंजेलिसला कलादालन चालवणाऱ्या क्रिस्टन ख्रिश्चनने फेसबुकवर लिहिलं, 5 नोव्हेंबरपर्यंत पैसे क्रेडिट युनियनमध्ये हलवा. परवा क्रेडिट युनियनांच्या संघटनेचा अंदाज आला : पाच आठवड्यांत साडेसहा लाख नवे सभासद, साडेचार अब्ज डॉलरच्या ठेवी. बँक ऑफ अमेरिकेने ती 5 डॉलरची फी मंगळवारीच मागे घेतली होती. पण तोवर माझा फॉर्म भरून झाला होता.

बाबांना फोनवर सांगितलं. क्रेडिट युनियन म्हणजे काय, त्यांनी विचारलं. म्हटलं, आपली पतसंस्था. पलीकडे बराच वेळ शांतता. त्यांच्या निवृत्तीच्या ठेवी गावाकडच्या एका पतसंस्थेत अडकून सहा वर्षं झालीत. संचालक गाडीतून फिरतात, बाबा चकरा मारतात. "पोरी, एवढ्या लांब जाऊन तुला पतसंस्थाच सापडली?" तिकडच्या पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विम्याचं छत्र नाही, इथे अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी हमी आहे, हे मी परोपरीने समजावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "ते असू दे. संचालक कोण नेमतं?"

नेमका प्रश्न होता. क्रेडिट युनियनमध्ये गेले तर लाँड्रीशेजारी दोन खोल्यांचं ऑफिस. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा मागितले ते 5 डॉलर. मी दचकलेच. "दर महिन्याला?" त्या हसल्या. "एकदाच. हा तुमचा शेअर. संचालकांच्या निवडणुकीत तुमचं एक मत. ज्यांचे इथे दोन लाख आहेत, त्यांचंही एकच."

आपल्याला माझ्या जाण्याचं दुःख होणार नाही, हे मी जाणून आहे. बाराशे डॉलरवालीचं खातं सांभाळणं आपल्याला परवडत नव्हतंच. हे असले आकार बहुधा आमच्यासारख्यांना दार दाखवण्यासाठीच असावेत. तसं असेल तर योजना यशस्वी झाली, हार्दिक अभिनंदन. एटीएम मात्र आता तीन चौक लांब पडेल, हे कबूल करते.

कळावे,
आपली माजी खातेदार

ता. क. : शिल्लक 1,212 डॉलरचा चेक मिळाला. तो लिहून देण्याचे 8 डॉलर कापून 1,204. तपासलं, या वेळी वजाबाकी बरोबर आहे.